सातच्या पोटातली रेघ

हाफेनश्ट्रासे ११,
२२ जुलै २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, त्यापेक्षा पत्रंच बरी. त्यात तुमची बोलणी तरी पूर्ण खाता येतात! तुमचा जावई अनुप नोकरीमुळे म्युनिकला, तिथून महिन्यातून दोनदा येतो. उर्जा तेरा वर्षांची झाली, मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते. मराठीत भांडायला मला तुम्हीच उरलात.

नवीन काम मिळालंय. आमच्या बंदरावर धान्याचं जुनं गोदाम आहे, सगळे त्याला श्पाइषर म्हणतात. लाल विटांचं, पाच मजली, माथ्यावर घड्याळ. गावात आलेला पाहुणा आधी त्याचा फोटो काढतो, मग हॉटेल शोधतो. खाली संग्रहालय, वर मोठं सभागृह. आणि हे सगळं उभं आहे चिखलात ठोकलेल्या दोनशे वर्षांच्या लाकडी खांबांवर. पाण्याकडच्या भिंतीला तडे गेलेत, ते वाढतायत का ते मी बघायचं. सेन्सर मंजूर व्हायला तीन महिने लागतील म्हणे, म्हणून मी तुमचीच युक्ती केली. तुम्ही पुलाच्या तड्यांवर काचपट्टी लावायचात, मी जिप्समच्या बारा पट्ट्या लावल्या. भिंत हलली की पट्टी तुटणार. वर तारीख घातली ती आपल्या आकड्यांत, ७.७.२५. ऑफिसातले हसले, हसोत.

इमारतीची देखभाल हेर, म्हणजे श्रीयुत, टिमसेन करतात. सत्तरी ओलांडली, तळमजल्यावर एकटेच राहतात, दर बुधवारी वर चढून घड्याळाला किल्ली देतात. उर्जा त्यांना ओपा म्हणते, म्हणजे आजोबा. जळू नका! त्यांना आपले आकडे इतके आवडले की मला बसवून शून्य ते नऊ लिहून घेतले. आता चहाच्या डब्यांवर गिरवत असतात.

आईला जयभीम सांगा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची मैत्री


नांदेड,
४ ऑगस्ट २०२५

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

पट्ट्या लावल्यास, छान केलंस. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं मिस्त्रीगिरी केली, त्यातली एक गोष्ट गाठीला बांध. पट्टी बोटाने तपासायची. डोळा फसतो, बोट फसत नाही. आमचे एक साहेब जीपमधूनच पट्टी बघायचे आणि वहीत ठीक लिहायचे. पुढे पुलाचं काय झालं ते तुला माहीत आहे.

तुटलेल्या पट्टीला घाबरू नकोस, भिंत खरं बोलली इतकंच. न तुटलेली मात्र दोनदा बघ. तुझी आई, द्रौपदीबाई, म्हणते की पोरीला पाण्याजवळचं काम नको. मी म्हटलं, अगं, त्यांचं गावच पाण्यावर आहे, तर माझ्यावरच डाफरली.

उर्जाला गोड पापा. जिव्हाळा ठेव, पत्राला उशीर नको.
तुझे बाबा, रामदास


हाफेनश्ट्रासे ११,
१८ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

आधीच कान पकडते. महिनाअखेरीपासून दोन आठवडे मी येना शहरात होते, मोजणीचं नवं यंत्र शिकायला. परत आले ती तापाने आडवीच झाले. इकडे श्पाइषरचं गुटआख्टन, म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल, द्यायची तारीख डोक्यावर. हेर टिमसेननी बाराही पट्ट्यांचे फोटो काढून पाठवले. एकही तुटलेली नाही. फोटोंवरून मी सही केली. बोटाने तपासलं नाही, हो, माहीत आहे, आता पुढचं पान रागात वाचू नका.

सही हवीच होती. १४ सप्टेंबरला इथे जुन्या वास्तू सगळ्यांना खुल्या असतात. वरच्या सभागृहात तीनशे माणसं बसणार आणि उर्जाच्या शाळेचा गायनवृंद गाणार. आपली बया पहिल्या ओळीत, पाण्याकडच्या खिडकीशी! दिवसभर घरात सा लावून बसते.

परवा तिला सरावाला सोडायला गेले. तिची पेन्सिल पडली आणि कुणी न ढकलता सरळ पाण्याकडच्या भिंतीपर्यंत घरंगळत गेली. हेर टिमसेन म्हणाले, ही जमीन अशीच आहे, ते लहान असल्यापासून. असेल. तरी मला ते काही बरं वाटलं नाही. चार नंबरच्या पट्टीचा फोटो सोबत पाठवते, तुमचं समाधान होऊ दे.

रागावलात तरी लोभ सोडू नका.
तुमची मैत्री


नांदेड,
३० ऑगस्ट २०२५

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

रागावलो, मग जेवलो, मग राग गेला. फोटो भिंगाखाली धरून पाहिला. पट्टी ठणठणीत आहे. दीड महिन्याची पट्टी इतकी पांढरीशुभ्र राहते म्हणजे तिकडे धूळ नसावी.

पण बाई, सातच्या पोटात आडवी रेघ मारायला कधी शिकलीस? पाटीवर तुझ्याकडून सात मी गिरवून घेतला होता, त्याला अशी रेघ नव्हती. दोन सात आणि दोघांच्याही पोटात रेघ! जर्मन झालीस म्हणायची. तुझी आई म्हणते, उद्या पुरणपोळीसुद्धा काट्याने खाशील.

उर्जाला म्हणावं, मोठ्याने गा. आजोबा बहिरा आहे, नांदेडपर्यंत आवाज आला पाहिजे. आमची आठवण धरून राहा.
तुझे बाबा


हाफेनश्ट्रासे ११,
१५ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र शनिवारी सकाळी आलं, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. त्या रेघेपर्यंत वाचलं आणि पत्र तिथेच टाकून उठले. बाबा, मी सातला रेघ मारत नाही. इथली माणसं मारतात, त्यांच्या सातला.

तशीच घरच्या चपलांवर धावले. चार नंबरची पट्टी घराच्या किल्लीने खरवडली, तर पापुद्रा निघावा तशी निघाली. खाली माझी पट्टी होती, माझ्या अक्षरातली, दोन तुकडे झालेली. फटीत माझी करंगळी गेली. बारातल्या नऊ तशाच निघाल्या.

हेर टिमसेन पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. म्हणाले, एकदा कुलूप लागलं की ही इमारत पुन्हा उघडत नाही, फक्त एवढा रविवार पार पडू दे म्हणून केलं. मग डोळे पुसून विचारतात कसे, की मी गेनाऊ, अगदी तंतोतंत, तुझ्यासारखंच लिहिलं होतं, तुला कळलं कसं? मी सांगितलं. मला त्यांचा इतका संताप आला होता, तरी सांगताना मी त्यांच्या शेजारीच पायरीवर बसले.

सही मागे घेतली. साहेब फोनवर ओरडले, पण दाराला कुलूप लागलं. मुलं काल धक्क्यावर उभी राहून गायली. पाहुणे कुरकुरले, बोटीने आलेली एक बाई मला तोंडावर म्हणाली की दिवस वाया घालवलात. उर्जा तर माझ्याशी बोलतच नाही. तिच्या ओपाला मी रडवलं ना! शनिवारी नव्या पट्ट्या लावल्या होत्या, आज सकाळी त्याही तुटलेल्या. भोवती कुंपण घातलंय. हेर टिमसेनना त्यांच्या बहिणीकडे हलवलं, किल्ल्या काढून घेतल्या. जाताना त्यांनी एकच विचारलं, बुधवारी घड्याळाला किल्ली कोण देणार? 

तुमची ती थट्टा झाली नसती तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही. तुम्हीही करू नका. असंच भिंगातून बघत राहा माझ्याकडे.
तुमची मैत्री


हाफेनश्ट्रासे ११,
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय आजोबा,
जयभीम.

हे माझं पहिलं मराठी पत्र आहे. आल्झो, म्हणजे तर मग, चूक असेल तर हसू नका. आई आता लिहू शकत नाही म्हणून मी लिहिते.

बुधवारी १७ तारखेला श्पाइषर पडला. आधी पाण्याची भिंत, मग सगळं. पाहुणे आत नव्हते, कारण कुंपण होतं. ओपा टिमसेन आत होते. घड्याळाच्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडे अजून होती, ती कोणाला माहीत नव्हती. ते बुधवारी गेले, नेहमी जातात तसे.

आम्ही ज्या खिडकीजवळ गाणार होतो ती आता पाण्यात आहे. मी आईला सॉरी म्हटलं, मराठीत म्हटलं. ती म्हणते की ओपांना आकडे मी शिकवले. मी म्हटलं की आकडे तू शिकवले म्हणून मी आहे. मग ती खूप रडली आणि नंतर थोडी जेवली.

मी वर १७ लिहिलं, तिथे सातच्या पोटात रेघ आली. शाळेत आम्हाला तसंच शिकवतात. मी खोडणार होते, पण आई म्हणाली, राहू दे.

आजीला पापा. मला पण पत्र लिहा, मी वाचेन.
तुमची उर्जा