पवनचा अर्धवट राहिलेला कॉम्प्युटर

प्रिय पवन,

घरचा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. नागपूरला मामांना सांगितलंय, पाकीट त्याच्या हातात द्या आणि समोर बसवून वाचायला लावा. आधी हे सांगते की माय बरी आहे. मनगटाचं प्लास्टर निघालं. भाताचं भरलेलं गंज उतरवताना कळ येते, पण मला चुलीजवळ येऊ देत नाही.

आता पुढचं वाचून चिडू नकोस. तुझा कॉम्प्युटर मी जोडला.

तू गेल्यावर मायनं सगळे खोके धानाच्या कोठीमागे सरकवले आणि वर पोतं टाकलं. त्या खोलीत कोणी गेलं तरी ओरडायची, "हात नको लावू त्याले!" इकडे लोक विचारत राहिले. सोमारीकाकू दाखल्यासाठी पुन्हा कुरखेड्याला तहसीलात जाऊन रिकाम्या हातानं आली आणि आपल्याच दारात बसली. "पवन इथीच दाखल्याचं सेंटर काढणार होता ना? काऊन गेला तो?" माय उठून आत गेली.

त्या दिवशी मी जंगूभाऊ वायरमनला बोलावलं. त्यांनी भिंतीवरचा बोर्ड उघडला आणि मला जवळ बोलावून दाखवलं. वरच्या मोठ्या भोकामागे, अर्थिंगच्या, वायरच नव्हती. घर बांधलं तेव्हापासून नव्हती, पवन. तू आणलेला तो जुना पॉवर सप्लाय, कॉम्प्युटरला वीज देणारा, आतून गळत होता. तू जोडायला बसलास तेव्हा करंट कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्यात उतरला आणि जमिनीत जायला त्याला वाट मिळाली ती तुझ्या अंगातून. तू अनवाणी होतास. मी मेन स्विचकडे धावले ते आठवतं, आणि मी पोचायच्या आधीच मायनं तुझा दंड धरून तुला ओढलं, दोघंही उंबरठ्यावर आदळलात, ते डोळ्यांपुढून जात नाही. अजून कोणी पंखा लावला तरी मी आधी मेन स्विचकडे बघते.

जंगूभाऊंनी घरामागे खड्डा खणला, कोळसा-मीठ घालून अर्थिंगची पट्टी पुरली आणि हिरवी वायर बोर्डापर्यंत आणली. मेनजवळ एक नवा स्विच बसवला, करंट गळला की तो आपोआप पडतो. जुना पॉवर सप्लाय त्यांनी मला उघडू दिला नाही. प्लग काढला तरी त्याच्या पोटात करंट साठलेला असतो म्हणाले. तो फेकायला घेऊन गेले आणि नवा आणून दिला.

मग रविवारी सकाळी, उजेड चांगला असताना, मी लाकडी टेबल ओढलं. पायात रबरी चपला घातल्या, हातातलं कडं काढलं. प्लग भिंतीपासून लांब, खाटेवर ठेवला, म्हणजे सारखा नजरेसमोर राहील. मोबाइलवर व्हिडिओ लावून थांबवत थांबवत एकेक करत गेले. मदरबोर्डाला हात लावण्याआधी दर वेळी डब्याच्या उघड्या पत्र्याला शिवायचं, म्हणजे अंगातल्या विजेनं बोर्ड जळत नाही. मी पत्र्याला शिवले की दारातली माय डोळे मिटायची. प्रोसेसर खोबणीवर धरला, पुन्हा डबीत ठेवला, पाणी पिऊन आले आणि मगच बसवला. रॅम बसताना कट्ट आवाज झाला तशी माय अर्ध्या अंगणात गेली. परतही आली.

जंगूभाऊ आले, त्यांनी सगळं पाहिलं, मग प्लग लावून पत्र्याला टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. मी बटन दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. माय किंचाळली, "बंद कर, बंद कर व पोरी!" मी प्लग उपटला. रडूच आलं मला. वाटलं, पवनची सगळी मेहनत मी जाळली. जंगूभाऊ म्हणाले, घाई नको, आधी सगळ्या वायरी बघ. एक छोटी वायर, प्रोसेसरजवळची, मी लावायलाच विसरले होते. ती लावली, पण बटनाकडे बोट जाईना.

तेव्हा माय म्हणाली, "सरक." आणि त्याच दुखऱ्या हातानं तिनं बटन दाबलं. पडदा उजळला. ती तशीच उभी राहिली, बोट बटनावर, ओठ घट्ट मिटलेले. मग हळूच तळहात पत्र्यावर ठेवला. काही झालं नाही.

दुपारी जेवताना तिनं घास खाली ठेवला आणि हे सांगितलं. तुला करंट लागला त्या सकाळी तू शेतावर गेला असताना तिनं ती खोली शेणानं सारवली होती. "ओल्या जमिनीवर बसला पोरगा. माह्यानंच त्याले करंट लागला. म्हणून तो मले तोंड नाई दाखवत." तुझ्यामुळे तिचा हात मोडला म्हणून तू पळालास, हे मला ठाऊक आहे, मामांनी सांगितलं. तिला ते ठाऊकच नाही. तिला वाटतं, तू तिच्यावर रागावला आहेस. मी खूप समजावलं, वायर नव्हती, तो पॉवर सप्लाय खराब होता. ऐकत नाही. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ऐकणारही नाही. हे पत्र तिनंच लिहायला बसवलंय. आत्ताही शेजारी बसून विचारते आहे, माझं लिहिलंस का. तिचं एवढंच आहे: "लिव त्याले, जमीन वाळली म्हणावं. ये म्हणावं आता."

तुझीच बहीण,
रंजीता