पाठीवरची बाई

३ जानेवारी
आज दुपारी एका थोर ब्रशाचं निधन झालं. चार नंबर, खारीच्या केसांचा. भाऊ शौकतच्या छापखान्यात लग्नपत्रिकांवर निम्म्या जुन्नर तालुक्याच्या नवरीबाईंच्या पापण्या मी त्यानं काढल्या. ताजबीभाभीनं त्यानं नानकटाईला अंडं लावलं.
म्हटलं, भाभी, हा माझा ब्रश आहे. "म्हणून तर लावला. चमच्यानं कोण लावतं?" — आणि बघितलं माझ्याकडे. तिनं असं बघितलं की दूधवाला न सांगता मापावर आणखी थोडं ओततो. मी नानकटाई खाल्ली. चांगली झाली होती. हे मी कुठंही बोलणार नाही.

४ जानेवारी
बोरी बुद्रुकची मंगल आली. तिची लग्नपत्रिका मीच काढलेली. आता बचत गट चालवते.
"आरफाताई, मुखवटे पायजेत. डोक्याच्या मागं बांधायला."
मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा जंगलात माणसं डोक्यामागं चेहरा बांधून लाकडं तोडतात. वाघ पाठीमागून येतो, पण पाठीलाच तोंड दिसलं की बुजतो म्हणे. आपल्याकडचा बिबट्या, पण तो फक्त सरकारी बोर्डावर. बोलताना सगळ्यांचा वाघच.
ऊसतोड सुरू झालीय, वाघ कांद्यात यायला लागलाय आणि बायका तिथंच खाली बसून खुरपतात. मंगलची सासू गोजरबाई ठार बहिरी. तिचा मुलगा, मंगलचा नवरा सुभाष म्हणतो, सोय झाली तर ठीक, नाहीतर म्हातारीचं शेत बंद.
"आत्याबाई म्हणत्यात, घरात बसवायचं तर मला वाघालाच घाला. दोन दिस झालं जेवत न्हाईत."
मी हसणार होते. मंगल हसत नव्हती. हो म्हणून बसले.

७ जानेवारी
पहिला चेहरा तयार. शौकतनं लांब धरून पाहिला. "ही वाघाला बघून लाजतेय."
खरं आहे. आयुष्यभर माना खाली घातलेल्या नवऱ्या मुली काढल्या, हाताला खाली बघणारेच डोळे येतात. भुवया वर चढवल्या, तर बाईला गजरा मिळाला नाही असं वाटायला लागलं. पन्नाशी आली आणि सरळ समोर बघणारी एक बाई काढता येत नाही. मोठी आर्टिस्ट!

८ जानेवारी
राक्षस काढून पाहिला. तोही लाजला.

१० जानेवारी
सापडलं. जेवताना म्हटलं, दाळीत मीठ कमी आहे. समोर बसलेल्या भाभीनं मान वर केली. मी घास ताटात टाकला, उष्ट्या हातानंच एक रद्दी पत्रिका ओढली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिल चालवली. राग भुवयांत नसतोच! भुवया अगदी स्वस्थ होत्या. खालची पापणी सुतासारखी सरळ, आणि बुबुळ हलत नाही. बस, एवढंच.
तिला सांगितलं नाही. मॉडेलला सांगितलं की मॉडेल केस विंचरून येते.

१३ जानेवारी
शौकतनं उरलेल्या पत्रिकांच्या कार्डावर मुखवटे छापून दिले. आतल्या बाजूला 'सहकुटुंब सहपरिवार अगत्याचे आमंत्रण' तसंच राहिलंय. म्हणाला, "वाघ आतून थोडाच वाचणार आहे?"
भाभी हल्ली जेवताना सारखी बघते. घास हातात धरून, टक लावून. मिठाचं एवढं?

१५ जानेवारी
बोरीला जाऊन आले. गेले नसते तर बरं झालं असतं.
बायकांनी हौसेनं मुखवटे बांधले. पुढं त्यांची तोंडं, मागं भाभीची, एकीलाही कल्पना नाही. सुभाष मंगलला काही सांगायला मागून आला आणि मुखवट्यासमोर अडखळला. "कुनाशी बोलू गं, तुझ्याशी का हिच्याशी?"
"तिच्याशी बोला. ती उलटून बोलत न्हाई."
मग सगळ्या वाफ्यात उतरल्या. मी बांधावर उभी, हात मागं बांधून, प्रदर्शनाला आल्यासारखी. त्या खाली बसल्या, माना वाकवल्या, खुरपी चालू झाली. आणि सगळेच्या सगळे चेहरे आभाळाकडे! जणू पाहुणा विमानानं येणार होता. उसाच्या बाजूला नुसत्या पाठी.
मी मुखवटा आरशासमोर उभी राहून बांधून बघितला होता. आरशासमोर कोण खुरपतं?
सुभाष म्हणाला, "ताई, घार आली तर नक्की पळंल." मग हळू, "उद्यापासनं आई घरीच."
गोजरबाईला ऐकू आलं नाही, पण समजलं. मान वर न करता ती जास्तच भराभरा खुरपायला लागली. एक-दोन तर कांद्याची रोपंच उपटली.
मी म्हटलं, सुभाषभाऊ, थोडे दिवस द्या. नाहीच जमलं तर मीच येऊन सांगते तिला. "तिला सांगाल? वरडून घसा बसंल तुमचा," तो म्हणाला. पण दिले.

१६ जानेवारी
शर्ट! बायका रानात लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. खाली बसलं की उसाकडे येते ती पाठ. चेहरा तिथं हवा.
शौकतचा शर्ट घालून अंगणात उकिडवी बसले. कापड पाठीवर ताणतं, चेहरा रुंदावतो, डोळे फाकतात — म्हणजे काढताना अरुंद आणि लांबट काढायला हवा. शौकत फूटपट्टीनं माझी पाठ मोजत होता. शेजारच्यांनी भिंतीवरून पाहिलं, काही विचारलं नाही. कलावंताबद्दल लोकांनी आशा सोडलेली बरी.
भाभी खुर्ची आणून समोर बसली. बघत राहिली. फुकटचा तमाशा कोण सोडेल?

२० जानेवारी
शर्ट रंगवून पोचवले. गोजरबाईनं आपल्या नवऱ्याचा, कुशाबाचा, शर्ट दिला होता. वारल्यापासून घडीत होता. उलगडून पाहिला आणि बहिऱ्यांच्या आवाजात ओरडली, "ही कोन बाई?"
मंगल तिच्या कानात ओरडली, "राखनदारीन!"
"म्हाताऱ्याच्या पाठीवर परकी बाई! जित्ता असता तर लई खूश झाला असता."
घालून वाफ्यात बसली. चेहरा ताणून बरोब्बर बेताचा झाला. मीच दोन पावलं मागं सरले.
सुभाष तिच्या मागून गेला, थांबला, परत आला आणि त्या नजरेतून बाजूला झाला. "जाऊ दे तिला. पर मंगल बांधावर उभी राहायला पायजे."

२७ जानेवारी
मंगलचा फोन. रडतेय की हसतेय कळेना.
दुपारी उसातून वाघ आला. गोजरबाईच्या पाठीमागं, दोन वाफे सोडून. मंगलचा आवाजच फुटेना; फुटूनही सासूला उपयोग नव्हता. वाघ पोटावर बसला. शर्टाकडे बघितलं. एक पाय पुढं टाकला, परत मागं घेतला. बराच वेळ दोघांची नजरानजर — तो आणि भाभी. मग उठला आणि चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखा मुकाट उसात गेला. गोजरबाईनं तोवर ओळ संपवली.
संध्याकाळी तिला सांगितलं, तर घरभर बोंब. "मग मला हलवायचं न्हाई का? समद्यांनी बघितला, मीच तेवढी राह्यले!"
रागारागात दोन भाकरी खाल्ल्या. उद्या परत जाणार आहे.

२८ जानेवारी
जेवताना दोघांना सगळं सांगितलं. भाभी म्हणाली, "मग आता बस ना?"
"काय बस?"
"बघायचं. मिठाच्या दिवशी तू माझे डोळे काढलेस ना? दिसलं मला. म्हटलं अजून लागत असतील, म्हणून रोज बघत राहते. पापणी मिटायची नाही म्हणजे पाणी येतं गं डोळ्यांतून."
संध्याकाळी तिला आडवी व्हायला सांगितलं. दोन्ही डोळ्यांत गुलाबपाणी घातलं. ओला रुमाल वर ठेवला आणि तिची भांडी घासायला गेले.