उजवा गाल

लाखांदूर,
१२ डिसेंबर २०२३

प्रिय खुशबू,

तुला आणि तुझ्या रूमवरच्या मैत्रिणींना बाबाचा जय भीम. पाकीट पाहून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू विचारतेस, मी 'हो, ठीक' म्हणतो आणि महत्त्वाचं तेवढं राहून जातं. चोवीस तारखेला, रविवारी, आसगावचे पाहुणे तुला बघायला यायचे आहेत. त्यांना पाठवलेल्या तुझ्या फोटोत मी एक गोष्ट केली आहे. ती त्याआधी तुला कळायला हवी, आणि माझ्याच तोंडून कळायला हवी.

दुकानाचं म्हणशील तर चाललंय. लग्नाच्या ऑर्डरी जवान पोरांनी नेल्या, माझ्याकडे पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि म्हातारी माणसं उरली. पण तुझ्या धम्मदीपदादानं पुण्याहून आपल्या कॉम्प्युटरवर टाकून दिलेला तो प्रोग्राम रोज कामी येतो. फोटोवरची सावली पुसतो, चमक काढतो. परवा शकुनबाई तिच्या मालकाचा फोटो घेऊन आली. फोटो फ्रेमच्या काचेला असा चिकटलेला, की सोडवायला गेलं तर चेहराच सोलून निघाला असता. काचेवरूनच कॉपी काढली, तर कपाळावर दुकानाची ट्यूबलाइट. प्रोग्रामनं ट्यूबलाइट गायब केली आणि मालकाचं कपाळ परत भरून दिलं. शकुनबाई म्हणाली, "आता कसे चांगले पाहून राहिले माह्याकडे!" मी असा फुगलो, जणू तो प्रोग्राम मीच लिहिला होता.

लिहिला नसला तरी शिकवला आपणच, हे तुला माहीत आहे. मशीन लर्निंग म्हणजे काय ते धम्मदीपनं मला एका वाक्यात सांगितलं होतं, "बाबा, त्याले सांगाचं नाही, दाखवाचं." आठवतो ना तो उन्हाळा? दुकानामागच्या अंगणात स्टूल मांडून एकेका माणसाचे दोन-दोन फोटो. एक साधा, एक चेहऱ्यावर सुपाची सावली पाडून. मग स्टीलच्या ताटानं उन्हाचा कवडसा गालावर पाडून एक, आणि ताट बाजूला करून एक. अशा जोड्या बघून बघून मशीन आपोआप शिकतं की पुसायचं काय आणि त्याच्याखाली काय असणार. बाजाराला आलेलं अर्धं लाखांदूर आपण त्या स्टुलावर बसवलं. शेजारचा मंगरू तर दर वेळी नेमके डोळे मिटायचा. सूप आणि ताट धरायला तू होतीस. तिसऱ्या दिवशी तू हसत विचारलंस, "माहा नंबर कवा लागन, बाबा?" मी म्हटलं, ऊन उतरलं, उद्या बघू. तो उद्या मी येऊच दिला नाही.

तू नववीत असताना उजव्या गालावर कोडाचा पांढरा डाग उठला, तेव्हापासून मला एक सवय लागली. शाळेचं ओळखपत्र, दहावीचा फॉर्म, नर्सिंगचा अर्ज, मावशीच्या लग्नातला घरच्यांचा फोटो, प्रत्येक वेळी मी लाइट डावीकडून लावला आणि तुला म्हटलं, मान जरा उजवीकडे. तू मान वळवायचीस. मी समजायचो, पोरीला बापाची माया कळते. मग नागपुरात नर्स झालीस, तेव्हा हॉस्पिटलच्या कार्डासाठी तू तिथल्याच दुसऱ्या स्टुडिओत फोटो काढलास, सरळ समोर बघून. ते कार्ड पाहून मी म्हटलं होतं, लाइटिंगमध्ये दम नाही. खरं म्हणजे मला राग आला होता. फोटो चांगला होता.

बायोडाटासाठी तू पाठवलेला फोटोही तसाच. हॉस्पिटलच्या आवारात, कडुलिंबाखाली, सरळ बघत हसणारी. सोबत लिहिलं होतंस, "हाच पाठवजा, दुसरा नाही." पानांच्या सावल्या कपाळावर आल्या होत्या. खरं सांगतो, मला तेवढ्याच काढायच्या होत्या. बटण दाबलं. सावल्या गेल्या, आणि गालही एकसारखा झाला. मशीनला तुझा डाग म्हणजे उन्हाची चमक वाटली, त्यानं आजूबाजूचा रंग घेऊन तो भरून टाकला. त्याला तरी काय बोलू? गाल मुळातच तसा असू शकतो, हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. त्या अंगणात तसा एकच चेहरा होता, आणि त्या चेहऱ्याच्या माणसाला मी ताट धरायला उभं केलं होतं.

पण खुशबू, मशीनची चूक तिथे संपली. पुढचं सगळं माझं आहे. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. मला तो आवडला. तुझा मूळ फोटो बाजूलाच उघडा होता, तरी मी हाच पाठवला. दुसऱ्याच दिवशी आसगावहून फोन आला, मुलगी पसंत आहे, बघायला येतो. मी पेढे आणले. आईनं हौसेनं माझा मोबाइल घेऊन फोटो उघडला आणि तिचा चेहरा उतरला. "हे आपली खुशबू नाही होय," ती म्हणाली. "ते लोक घरी येतीन, तिच्याकडे पायतीन, तवा पोरीले कसं वाटन, याचा काई विचार केला का जी तुमी?"  दोन दिवस ती जेवायला वाढायची, पण वाटी जरा आपटून.

काल मी दोन्ही फोटो छापले आणि आसगावची एसटी धरली. मुलगा ड्यूटीवर होता. त्याची आई, उषाबाई, अंगणात धान वाळू घालत होती. मी दोन्ही फोटो बाजेवर ठेवले आणि खरा कोणता, दुसरा कसा झाला, तो मी जाणूनबुजून कसा पाठवला, सगळं सांगितलं.  मला वाटलं होतं, ती डागाबद्दल विचारेल. कधीपासून आहे, वाढतो का, पुढे मुलांना होतो का. एसटीत बसून मी उत्तरं पाठ केली होती. तिनं त्यातलं एकही विचारलं नाही. दोन्ही फोटो उचलून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "हे पोरीले माहीत हाय का?" मी नाही म्हटलं. "मंग आधी तिले सांगा. आमी येऊ का नाई, ते मागून पाहू. बापानं असं केलं हे आयकून आमाले येऊ देते का नाई, ते पयले तिले इचारा."

म्हणून हे पत्र. तुझं लग्न जुळावं म्हणून मी फोटो बदलला, असं मी स्वतःला सांगत होतो. परतीच्या एसटीत कळलं की तसं नाही. डागाची लाज तुला कधी वाटली नाही. ती मला वाटत होती, आणि काळजी म्हणून मी ती बारा वर्षं तुझ्या गळ्यात मारली. मला माफ कर. बापानं मुलीची माफी मागावी असं आपल्या घरात आजवर झालेलं नाही, त्यामुळे कशी मागतात तेही मला नीट येत नाही, समजून घे. त्यांना यायचं असो किंवा नसो, त्यांच्याआधी तुझा शब्द. नको म्हणालीस तर मीच जाऊन सांगेन, आणि कारण विचारलं तर माझं नाव सांगेन. येऊ देत म्हणालीस तर तेही मीच सांगेन. आसगावला अजून काही कळवलेलं नाही. तू सांगशील तेच कळवीन.

तुझाच,
बाबा