ओढ्याच्या खालच्या अंगाला

अण्णा, तुमची नात आता चौदा वर्षांची झाली. परवा दुपारी ती माझ्याशेजारी उभी राहून बटाटे सोलत होती आणि बोलता बोलता तिनं तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली. मला ती माहीतच असणार असं तिला वाटत होतं. मला माहीत नव्हती. तेव्हापासून ऑफिसात लक्ष लागत नाही. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. सात वर्षांत तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नाही, हेही खरं.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात तुम्ही इथे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखला आला होतात, पहिल्यांदा आणि शेवटचं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. मला यंत्रांचे भाग तपासायच्या विभागात नोकरी लागून चारच महिने झाले होते. प्रोबेत्साइट चालू होता, म्हणजे साहेबांच्या मनात आलं तर दोन आठवड्यांत घरी पाठवतील. त्यामुळे इथले लोक जे जे करतात ते आपणही करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. सगळे कॅम्पिंगला जातात, आपणही जायचं. तंबू विकत आणला तेव्हा तुम्ही त्याच्या पिशवीकडे बघत राहिलात. "सुट्टीत? आणि तंबूत?" एवढंच म्हणालात. तुमची बावीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या मोजणी पथकात गेली. साखळी ओढत रानोमाळ फिरायचं आणि ओढ्याकाठी खात्याच्या कॅनव्हासच्या तंबूत झोपायचं. महिना-दीड महिन्यानं घरी यायचात तेव्हा कपड्यांना रॉकेल आणि ओल्या ताडपत्रीचा वास असायचा. लहानपणी मला तंबू म्हणजे वडलांना घेऊन जाणारी वस्तू वाटायची. तुम्हाला काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नाही.

जंगलातली ती जागा मला अजून जशीच्या तशी दिसते. उतारावर गवत, खाली ओढा. त्याला इथे बाख म्हणतात. फार मोठा नाही, पण आदल्या आठवड्याच्या पावसानं भरून वाहणारा. तुमचे जावई तंबूच्या काड्या आणि माहितीचा कागद घेऊन गोंधळलेले, आणि तुम्ही न बोलता खुंट्या ठोकायला घेता. वाऱ्याची दिशा बघता, दार फिरवून घेता. दहा मिनिटांत तंबू ताठ उभा राहतो. मग तुम्ही पळीच्या दांड्यानं तंबूभोवती चर खणू लागता, पावसाचं पाणी बाहेरून निघून जावं म्हणून. तेवढ्यात कॅम्पची व्यवस्था बघणारी बाई येते आणि मान हलवत म्हणते, "नाइन, नाइन, गवत खराब होतं." ती चांगल्या शब्दांतच सांगत होती. पण मी तिच्यासमोर तुमच्यावर डाफरले, "अण्णा, बुजवा ते. इथे असलं चालत नाही." तुम्ही गुडघ्यावर बसून हातानं माती लोटलीत. पहाटे पाऊस आला आणि पाणी आत शिरून आमची पांघरुणं भिजली.

सकाळी तुम्ही चहाची भांडी घेऊन निघालात. मुलं खेळत होती ती जागा ओलांडून, शेवटच्या तंबूच्याही पुढे, ओढ्याच्या खालच्या अंगाला. मला ते बघवेना. गावात आपल्या वस्तीला खालचंच पाणी होतं, हे मला आईनं सांगितलं होतं. इतक्या लांब येऊनही तुमचे पाय खालीच वळतात, याची मला लाज वाटली आणि रागही आला. मी मागून आले नि म्हणाले, "अण्णा, इथे वर धुतलं तरी कुणी काही बोलत नाही हो."

तुम्ही राखेनं पातेलं घासत होतात. मान वर न करता म्हणालात, "कुणी बोलत नाही म्हणूनच. वरची पोरं ओंजळीनं पितायत ते पाणी. वरच्यांचं खरकटं आम्ही प्यालोय बाळा. आपण कुणाला पाजायचं नाही."

मी "बरं" म्हणून परत आले. खरं तर तिथेच बसायला हवं होतं, तुमच्याजवळ, त्या दगडावर.

त्याच दिवशी दुपारी तुम्ही आणि नात दिसेनाशी झालात. तुमचे जावई गाडी घेऊन गावात ब्रेड आणायला गेले होते, मी ओली पांघरुणं वाळत घालत होते. ओपा आणि ती, आजोबा-नात, इथेच कुठे असतील असं धरून चालले. जर्मनीत जन्मलेली ती सहा वर्षांची पोर, मराठी सगळं कळायचं पण बोलायची जर्मन. आणि तुम्हाला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. तरी दोघांचं दिवसभर काहीतरी चालायचं. एक तास गेला, दोन गेले. मी ओढ्याच्या काठानं हाका मारत वर गेले, खाली गेले. शेजारच्या तंबूतले लोक शोधायला निघाले. ती बाई पोलिसांना फोन करू का म्हणाली. आणि तेव्हा तुम्ही दोघं खालच्या पायवाटेनं, हात धरून, सावकाश चालत आलात. पोर कोरडी होती. तुमची पँट कमरेपर्यंत भिजलेली होती.

"पाण्यात घेऊन गेलात तिला?" मी ओरडले. "तीन तास! काही समजतं का तुम्हाला? तुम्हाला इथलं काही कळत नाही, अण्णा. कळत नाही तर गुमान एका जागी बसत जा."

सगळे बघत होते. मराठी कुणाला कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. तुम्ही नातीचा हात सोडलात. "चुकलं माझं," म्हणालात. पोर खाली मान घालून उभी होती. मी तिला ओढून जवळ घेतलं आणि तुमच्याकडे पाठ केली.

त्यानंतरचे पाच आठवडे तुम्ही खरंच एका जागी बसलात. बाल्कनीतल्या खुर्चीवर. नातीला खाली बागेत घेऊन जा म्हटलं तरी आधी विचारायचात, "किती वाजता परत येऊ?" आणि सांगितलेल्या वेळेच्या आधी दारात हजर. विमानतळावर तुम्ही नातीच्या डोक्यावर हात ठेवलात आणि मला म्हणालात, "नोकरी सांभाळ." मग दर रविवारी स्काइप. जेवलात का, जेवलो. बरं आहे ना, बरं आहे. डावा खांदा वर होत नाही असं एकदा म्हणाला होतात. मी म्हणाले, वय झालं, चालायचंच.

परवा तुमच्या नातीनं सांगितलं ते असं. मी दहा वेळा बजावूनही ती आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून ओढा ओलांडायला गेली. मधेच पाय घसरला. पाणी तिच्या गळ्याच्या वर होतं आणि ओढ होती. तुम्हाला पोहता येत नाही. तुम्ही एका हातानं काठावरची मुळी धरलीत आणि दुसऱ्या हातानं तिचा फ्रॉक. किती वेळ, ते तिला आठवत नाही. बाहेर आल्यावर ती रडायला लागली ती बुडण्याच्या भीतीनं नाही, माझ्या भीतीनं. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मामा नाही सांगायचं." मामा म्हणजे मी, इथली मुलं आईला तसंच म्हणतात. तुम्ही हसलात, म्हणालात, नाही सांगणार. तिचे कपडे काढून खडकावर वाळत टाकलेत, तिला तुमच्या शर्टात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलात, आणि ते वाळेपर्यंत थांबलात. ढगाळ दिवस होता. वेळ लागला.

"मग मी बोलत होते तेव्हा तू का गप्प राहिलीस?" मी विचारलं.

ती जर्मनमध्येच म्हणाली, "तू किती ओरडत होतीस, मामा." आणि थोड्या वेळानं, "ओपानं माझा हात दाबला होता. मला वाटलं, गप्प राहायचं." मग तिनं उरलेले बटाटे पाण्यात टाकले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

तुम्ही नंतर कधीतरी सांगू शकला असतात. ती शाळेत गेल्यावर, बाल्कनीत, फोनवर. सहा वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द तुम्ही शेवटपर्यंत पाळलात, आणि मी तुम्हाला शहाणपण शिकवलं. तिला मी रागावले नाही. तेवढं केलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या उन्हाळ्यानंतरच्या जानेवारीत भावानं गावाहून फोन केला, अण्णा दवाखान्यात आहेत, आठवण काढतायत, ये. मी त्याला सांगितलं की नवी नोकरी आहे, रजा मिळत नाही. तो अजून सगळ्यांना तेच सांगतो, बिचारीला रजा मिळाली नाही. अण्णा, मी रजा मागितलीच नव्हती. ओढ्याकाठच्या त्या दिवसानंतर तुमच्यासमोर बसून काय बोलायचं, ते मला सुचत नव्हतं.