मामा अंतराचा कॅम्प

टांगानिका सरोवर, टांझानिया
९ ऑगस्ट १९९९

प्रिय सौ. कुमुद हिस,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. छोटं विमान, मग बोट, आणि आता वाळूत तंबू. समोर समुद्राएवढं गोड पाणी, मागे डोंगर. त्या डोंगरातून पहाटे चिंपांझी ओरडतात तेव्हा अंगावर काटा येतो.

पण तुझ्या लेकीचा प्रताप ऐक. प्रवासात मला सर्दी झाली. आज सगळे पाहुणे चिंपांझी बघायला निघाले, मीही टोपी घालून रांगेत उभा. कॅम्पची मॅनेजर म्हणजे आपली अंतरा, सगळ्यांदेखत म्हणाली, बाबा, तुम्ही जायचं नाही. माणसाची सर्दी त्यांना लागते आणि ते दगावतात. मी म्हटलं, एवढ्या लांबून आलोय, दुरून बघेन. तर म्हणे, रूल इज रूल, बाबा. खलास!

रागाने जेवलो नाही. तिच्यासाठी बघून ठेवलेल्या दुबईच्या हॉटेलातल्या नोकरीचा विषय अजून काढलेला नाही. पण तिला घेऊनच परतेन, इन्शाल्ला. दुबईला परतणाऱ्या पाहुण्यांबरोबर हे पत्र देतोय.

चि. श्रीनाथला आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ तरी कमी करू नकोस.
तुझा,
उल्हास

फुजैरा
१५ ऑगस्ट १९९९

ती. अंतराच्या बाबांस,
कुमुदचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या जहांआराभाभी धावत आल्या. अहो, ऑइल टर्मिनलवर सेफ्टी ऑफिसर कोण? खिशात लायटर सापडला म्हणून स्वतःच्या जनरल मॅनेजरला गेटवरून कोणी परत पाठवलं? मी तुमची नोकरी गेली म्हणून रडत होते आणि तुम्ही दुसऱ्यांदा भात वाढून घेत होतात. अंतरा तेव्हा शाळेत होती, सगळं बघत होती.

आता रुसवा पुरे. आल्याचा काढा घ्या. हॉटेलचं बोलायचं तर बोला, पण आधी पोरीचं काम नीट बघा. श्रीनाथ त्याच्या ऑफिसातून हे फॅक्स करतोय.

आम्हा दोघांची आठवण असू द्यावी.
आपली,
कुमुद

टांगानिका सरोवर
२२ ऑगस्ट १९९९

प्रिय सौ. कुमुद हिस,
स. न. वि. वि.

तुझा फॅक्स सामानाच्या बोटीने आला. काढा घेतला, जेवतोही आहे.

इथला वाटाड्या यूनुस मोडक्या हिंदीत बोलतो. त्याने सांगितलं, त्या सकाळी रांगेत एक पाहुण्या बाई होत्या. रात्री त्यांना ताप येऊन गेला होता, पण त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. पोरीने सख्ख्या बापाला थांबवलेलं पाहिलं आणि त्या आपणहून मागे फिरल्या. संध्याकाळी फणफणल्या. डॉक्टर फ्लू म्हणाले. वरच्या कळपात नुकतीच जन्मलेली दोन पिल्लं आहेत, कुमुद. यूनुस म्हणाला, तुम्हाला सोडलं असतं तर त्याही गेल्या असत्या.

इथे सगळे तिला मामा अंतरा म्हणतात. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई. केस पिकलेली माणसंसुद्धा तिच्या एका शब्दावर बोट वळवतात. मी खुर्ची टाकून दिवसभर तेच बघत बसतो.

हॉटेलवाल्यांना फोन करून सांग, अंतरा येणार नाही. तिला मी विचारलंसुद्धा नाही.

सर्दी गेली, पण नियमाप्रमाणे अजून काही दिवस थांबायचं, आणि त्याआधीच माझी बोट आहे. टर्मिनलवर सगळे विचारतील, चिंपांझी पाहिले का? मी सांगणार आहे, नाही पाहिले. आमच्या लेकीने पाहू दिले नाहीत.

भेटीपर्यंत लोभ राखून ठेव.
तुझा,
उल्हास