इंजिनाला पाजलेल्या बिअरविषयी

एल आल्तो, गुरुवार

आमच्या गाडीचे धर्मपिता डॉन इलारिओन यांना,

यानेतचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? काकूंचा खोकला थांबला का? इकडे आईबाबा ठणठणीत आहेत. आजारी होती ती फक्त गाडी, आणि नेमकं सोमवारी मला घाटापलीकडच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू व्हायचं आहे. (पुस्तकांच्या पेट्या आणि आईने दिलेलं सुकवलेल्या बटाट्यांचं पोतं घेऊन मी बसमध्ये चढले, तर कंडक्टर बटाट्यांना जागा देईल आणि मला उतरवेल.)

तळ्याकाठच्या कोपाकाबानाला चर्चसमोर गाडीला आशीर्वाद मिळाला, तेव्हा तुम्ही हात आखडता घेतला नाहीत, हे अख्ख्या तळ्याने पाहिलं. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं ते चमचाभर. तुम्ही मात्र बॉनेट उघडायला लावलंत आणि कागदी फुलांच्या वर्षावात इंजिनावर बिअरची बाटलीमागून बाटली रिती केलीत. बाबा अजून अभिमानाने सांगतात, "आमच्या इलारिओनने इंजिनालासुद्धा तहानलेलं ठेवलं नाही!"

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र उजळलं. म्हणजे चाकं घसरू लागली की इंजिनाला आवरणारं ट्रॅक्शन कंट्रोल बंद पडलं. आणि अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी गाडी आपली मिरवणुकीत असल्यासारखी चालायची. आमच्या चढावर साल्तेन्या, म्हणजे सारणाच्या भाजक्या करंज्या, विकणारी दोन्या बासिलिया टोपली घेऊन आम्हाला मागे टाकून गेली आणि वळून बाबांना म्हणाली, "ढकलू का हो, डॉन फाउस्तो? की सावकाशच जायचा नवस आहे?"

बाबांचं निदान तयार होतं. "रुसली आहे ती. तिच्या देखत तू म्हणालीस ना, दहा आशीर्वादांपेक्षा एक तपासणी बरी? तिलाही मन आहे." त्यांनी डॅशबोर्डवर नैवेद्याची कोकाची पानं ठेवली आणि तिची माफी मागितली. मी पदवीधर असल्यामुळे माझी चूक जास्त शास्त्रशुद्ध होती. दिवा चाकांचा, म्हणजे दोष चाकांपाशी, असं ठरवून मी चाकाची गती मोजणारा सेन्सर बदलला. दिवा तसाच. मग दुसऱ्या चाकाचाही बदलला. (बाबा शेजारी उभे राहून गाडीला हळूच म्हणत होते, "सहन कर गं, शिकलेली आहे ती.")

शेवटी मी चाकं सोडून इंजिनाकडे वळले. हवेच्या रबरी नळीला एक जुनी चीर होती, आणि त्या चिरेतून तुमचं औदार्य आत शिरलं होतं. हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, वाळलेल्या बिअरने चिकट झाली होती आणि तिच्या कडेला गुलाबी कागदाची एक टिकली चिकटली होती. झडप ऐकेना, म्हणून गाडीच्या संगणकाने इंजिनाचा जोर कमी केला. आणि झडपच हातात नाही म्हटल्यावर ट्रॅक्शन कंट्रोलनेही काम सोडलं. चाकं बिचारी निर्दोष! मी झडप पुसली, नळी बदलली, बॅटरी थोडा वेळ सोडवून ठेवली. काल आम्ही तोच चढ असा चढलो की बाबा खिडकीतून ओरडले, "दोन्या बासिलिया, टोपली सांभाळा!" मी इतकी हसले की मला गाडी थांबवावी लागली. घरी आल्यावर त्यांनी बॉनेटचा मुका घेतला आणि आईला सांगितलं, पानांचा गुण आला.

काकूंना नमस्कार.

तुमची,
यानेत

ता. क. बिअर पुसली म्हणजे आशीर्वादही पुसला, असं बाबांचं म्हणणं. रविवारी तुम्ही पुन्हा यायचं आहे. मी कबूल झाले. चाकांवर ओता, जमिनीवर ओता, बाबांवर ओता. बॉनेट मात्र बंद राहील.

आणखी एक. खरं तर पत्र याच्यासाठीच. सोमवारी बाबा मला सोडायला येणार आहेत, तेही आठवडाभर राहायच्या तयारीने. मुख्याध्यापिकाबाईंसमोर करायचं भाषणही त्यांनी पाठ केलं आहे. मला मात्र गाडी स्वतः चालवत, एकटीने शाळेच्या फाटकातून आत शिरायचं आहे. दर शनिवारी गाडी परत आणीन. गाडीच्या बाबतीत धर्मपित्याचा शब्द ते मोडत नाहीत, तेव्हा रविवारी माझ्यासाठी किल्ली तुम्ही मागा. मी मागितली तर ते रडतील. तुम्ही मागितली तर भांडतील, आणि तुम्हा दोघांचं भांडण जेवणाची पानं वाढेपर्यंतसुद्धा टिकत नाही.