सीट कोणाच्या मापाची होती

बाबा,

परवा दुपारी तुमचा नातू, धाकट्याचा मुलगा, पुण्याहून नवी गाडी घेऊन दिग्रसला आला. मी आठ दिवसांपासून धाकट्याकडे मुक्कामाला आहे, म्हणून मलाही ती पाहावी लागली. दोन दारं, दोनच सीटा, आणि टप इतका खाली की गाडी उभी आहे की रस्त्यात खचली आहे, असं मी विचारलं. तो हसला. तीस वर्षं शाळेत मी मुलांच्या आजारपणाच्या चिठ्ठ्या वाचल्या, त्यामुळे कोणी हसून काही दाखवायला लागलं की तो काय दाखवत नाहीये हे मी आधी पाहते. पोरगा तुमच्याएवढाच उंच आहे, सहा फूट एक इंच. गाडीतून उतरताना आधी एक पाय बाहेर आला, मग डोकं, मग उरलेलं अंग, खाटेखालून माणूस निघावा तसं. ही घेण्याआधी त्याने दोन गाड्या परत केल्या म्हणे. एकीत केस टपाला घासत होते, दुसरीत गुडघा स्टेअरिंगला अडत होता. हिची सीट जमिनीच्या इतकी जवळ जाते की उंच माणूसही मावतो. जी गाडी अंगावर चढवून पाहावी लागते ती घ्यावी कशाला, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "आत्या, तू चप्पल घेताना पायात घालूनच पाहतेस ना? बस तर खरी."

बसले. बसणं कसलं, पडलेच आत. माझी उंची चार फूट दहा इंच. पाय पेडलच्या वीतभर अलीकडे लोंबत राहिले, मांड्यांखाली सीटची कड रुतली आणि समोर काटे, आकडे आणि वर थोडं आभाळ एवढंच दिसलं. रस्ता नाहीच. दाराच्या आतल्या बाजूला एक आणि दोन असे आकडे लिहिलेली बटणं होती. गाडी दोन चालवणाऱ्यांची मापं लक्षात ठेवते, एक दाबलं की त्याचं माप, असं त्याने सांगितलं. दोन कोणाचं, असं मी विचारलं. कोणाचंच नाही, कंपनीतूनच तसं येतं, असं म्हणून तो चहा झाला का बघायला आत निघून गेला. मी दोन दाबलं. सीट घुंई करत पुढे आली, वर उचलली गेली, माझे तळवे पेडलवर टेकले आणि गाडीचं नाक, पुढचा रस्ता, समोरच्या किराणा दुकानाची पायरी सगळं नीट दिसायला लागलं. पाच फुटांच्या आतबाहेरची कोणी मुलगी ही गाडी नेमाने चालवते, एवढं मला कळलं. ते त्याचं तो सांगेल, आणि नाही सांगितलं तर मी विचारीन. पण पाय टेकले तेव्हा अंगावर काटा आला तो त्यासाठी नाही. असे पाय पेडलला टेकलेले मला ठाऊक होते. मी गाडी कधी शिकले नाही. ड्रायव्हरच्या सीटवर मी आयुष्यात दोनदाच बसले आहे, आणि ही दुसरी वेळ होती.

सीट कशी लावायची हे मात्र तुम्ही आम्हाला स्वयंपाकघरात शिकवलं होतं. आई भाकरी थापते आहे, तुम्ही भिंतीसमोर पाटावर बसला आहात, तळवे भिंतीला लावलेले आणि हातात पितळी ताट. ताट म्हणजे स्टेअरिंग. "पाय पुरा दाबला तरी गुडघा जरासा वाकलेला राह्यला पाह्यजे. पाठ न उचलता मनगट ताटाच्या माथ्यावर टेकलं पाह्यजे. नाही टेकलं, तर गाडी तुमची नाही, तुम्ही गाडीचे." धाकटा तेव्हा दहा वर्षांचा, तो ताट ओढायचा. आई म्हणायची, ताट सोडा, त्यात पीठ काढायचं आहे. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठकडे तुमच्या हाताखाली जीप होती, तिच्यात तुम्ही राजासारखे बसायचे. मग त्यांच्या मुलाने, छोट्या शेठनी, मुंबईहून ती जुनी विलायती गाडी आणली, दोन दारांची, कापडी टपाची, आणि तुमचे हाल सुरू झाले. ती लांबच्या गावी न्यायची असली की तुम्हीच न्यायचे. सीट शेवटच्या खाचेत ढकलूनही तुमचे गुडघे स्टेअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर यायचे, डोकं कापडाला लागायचं, आणि पुढचं पाहायला मान बगळ्यासारखी काढावी लागायची. यवतमाळहून आलात की आई विटेचा शेक द्यायची. छोटे शेठ माझ्यापेक्षा दोन बोटं उंच, फार तर तीन. ते पहिल्या खाचेत, छाती स्टेअरिंगला लावून बसायचे. पाठीमागे गादी घ्या, असं तुम्ही सुचवलं तेव्हा त्यांना राग आला होता. घरी येऊन तुम्ही आईला म्हणाला होतात, "उभं राहून जो माणूस दिसत नाही, तो बसून दिसायले गाडी घेते." आई हसली नाही. ज्याचं खातो त्याला असं बोलू नये, एवढंच म्हणाली.

मग पुसदच्या रस्त्यावर तो सायकलवाला गाडीखाली आला. त्याचा पाय गेला. गाडी पुढे बाभळीला अडकली, ट्रॅक्टरने ओढून पोलीस ठाण्याच्या आवारात आणली, आणि गाडी मी चालवत होतो असं तुम्ही सांगितलंत. मी अठरा वर्षांची होते, बारावीचा निकाल लागलेला. सकाळी डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसला होतात. कपाळावर ओरखडा नाही, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही. डबा उघडला नाहीत. खालच्या आवाजात म्हणालात, "गाडीत माहा टॉवेल हाय, घेऊन ये. अन् सीट मागं करून येजो. कोणी बसलं असंल."

मी गेले. शिपाई चहा पीत होता, ड्रायव्हरची पोरगी म्हणून त्याने अडवलं नाही. टॉवेल दुसऱ्या सीटवर, बसणाऱ्याच्या बाजूला पडला होता. आणि मी, बाबा, क्षणभर ड्रायव्हरच्या सीटवर बसले. हौस म्हणून बसले. पाय पेडलला टेकले, गुडघा जरासा वाकलेला, मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर. तुम्ही पाटावर बसून शिकवलेलं माप माझ्या अंगाला तंतोतंत बसलं. मला आनंद झाला, हे आज लिहिताना लाज वाटते. मग उतरले, खालचा खटका वर उचलला आणि सीट शेवटच्या खाचेपर्यंत ढकलली. जड गेली. टॉवेल आणून दिला. तुम्ही विचारलंत, केली? मी हो म्हटलं. दुपारी यवतमाळहून गाडी तपासणारे साहेब आले.

तुम्हाला सहा महिन्यांची शिक्षा झाली, लायसन गेलं, आणि परत आल्यावर जिनिंगच्या फाटकावर स्टूल टाकून बसायचं काम मिळालं. मी मात्र तुम्ही सुटण्याच्या कितीतरी आधी यवतमाळला कॉलेजात होते, होस्टेलवर. मोठ्या शेठनी शब्द टाकला, असं आई म्हणाली. ड्रायव्हरने त्यांची गाडी फोडली आणि त्यांनी ड्रायव्हरच्या पोरीला शिकवलं, केवढं मोठं मन, असं सगळं दिग्रस म्हणायचं. मीही म्हणायचे. गावात दुसरंही बोलायचे, की बाबा पिऊन होते. धाकट्याला शाळेत दारुड्याचा म्हणायचे. तुम्ही थेंबाला शिवला नाहीत हे त्याला माहीत होतं, पण दहा वर्षांचं पोर किती दिवस एकट्याने माहीत ठेवणार? तो आज पंचावन्नचा आहे, साधी स्कूटरही शिकला नाही. त्याच्या बैठकीत आईचा फोटो आहे. तुमचा नाही.

हे सगळं परवा त्या गाडीत बसल्या बसल्या जुळलं, असं लिहिलं तर सोपं होईल. पण खरं तसं नाही. होस्टेलवर पहिल्याच महिन्यात एकदा मनात आलं होतं, की बाबांचा टॉवेल दुसऱ्या सीटवर का होता? दुसऱ्या दिवशी चाचणी होती. मी पुस्तक उघडलं. त्यानंतर मी जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, मुलांवर, शिपायांवर, दूधवाल्यावर, आणि त्या कामात मी हुशार निघाले.

काल छोट्या शेठकडे गेले. दिग्रसला जुन्या घरीच असतात, सून सांभाळते. पलंगाच्या कडेला बसले होते, पाय टेकायला खाली पाट ठेवलेला. ओळखलं त्यांनी. "मास्तरीण बाई," म्हणाले, तब्येतीचं सांगितलं, चहा मागवला, तुमचा बाप भला माणूस होता असं दोनदा म्हणाले. भला हा शब्द दोनदा आला की मी सावध होते. मी एवढंच विचारलं, की त्या विलायती गाडीची सीट आठवते का? दुसरं काही बोलले नाही. पुढे-मागे असा शब्द काढला नाही. ते म्हणाले, "ठोकर लगी तो सीट आगे सरक गयी होगी, बहनजी. पुरानी गाडी थी, खटका ढीला था."

खटका ढिला नव्हता. मला ठाऊक आहे, तो मी दोन्ही हातांनी उचलला होता. आणि सीट पुढे होती हे या जगात तिघांनाच माहीत असू शकतं, त्यातले तुम्ही गेलात. पंचेचाळीस वर्षं त्यांनी ते उत्तर तयार ठेवलं होतं, आणि ते विचारायला कोणी फिरकलंच नाही. मी चहा न पिता उठले. सून म्हणाली, बाई रागावल्या का? मी म्हटलं, नाही.

घरी आले ते ठरवून, की धाकट्याला सांगायचं. तो ओट्यावर तूर निवडत बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं की त्या दिवशी बाबा गाडी चालवत नव्हते, छोटे शेठ चालवत होते. त्याने मान वर केली नाही.

"कशावरून?"

"सीटवरून," मी म्हटलं. "सीट ठेंगण्या माणसाच्या मापाची होती."

त्याने सूप खाली ठेवलं. मला वाटलं चिडेल. तो समजावणीच्या सुरात बोलला, जसं आपण म्हाताऱ्या माणसाशी बोलतो. "बाई, मी नोकरीले लागल्यावर कोर्टातून त्या केसची नक्कल काढली होती. मलेही तसंच वाटत होतं. त्या सायकलवाल्यानं दवाखान्यात सांगितलं होतं का चालवणारा ठेंगणा होता म्हणून. ते वाचून मी लय खूश झालो. मग खाली तपासणीवाल्या साहेबानं लिहिलेलं, सीट शेवटच्या खाचेत, उंच माणसाच्या मापाची. तो ठेंगणा तिथून पेडल दाबूच शकत नव्हता. त्या दिवसापासून मी बाबाचं नाव घेणं सोडलं." मग म्हणाला, "तुले कोणं सांगितलं सीटचं?"

मी म्हटलं, ऐकलं होतं कुठेतरी. तो पुन्हा तूर निवडायला लागला.

बाबा, मला एकच विचारायचं आहे, आणि आवाज चढवून विचारायचं आहे. टॉवेलसाठी तुम्ही शिपायाला पाठवू शकला असतात. मला का पाठवलंत? माझं कॉलेज त्या बाकावर बसून ठरलं होतं, म्हणून त्याचं काम माझ्याच हातून व्हावं असं तुम्हाला वाटलं, की मी काही विचारणार नाही याची खात्री होती म्हणून? तुम्ही माझ्यासाठी आत गेलात असं मानायला मन तयार आहे. पण मग तुमच्या मुलाने विश्वास ठेवायला म्हणून कागद शोधून आणला, तेव्हा त्या कागदावर माझ्याच हाताचं काम लिहिलेलं होतं, याचं काय करायचं? तुम्हाला ते दिसलं नसेल. सीट लावताना तुम्हाला सगळं दिसायचं, मागचा आरसाही.

सकाळी नातू पुण्याला गेला. निघताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की दोन नंबरचं बटण कोणाचं आहे ते दिवाळीत सांगतो. मी म्हटलं, आताच सांग. त्याने सांगितलं. दोन मिनिटं लागली त्याला, कान लाल झाले, आणि झालं.

तो गेल्यावर मी वही आणि पेन घेऊन खिडकीपाशी बसले. धाकटा बाहेर ओट्यावरच आहे, इथून त्याचा खांदा दिसतो. पत्र त्याला लिहायचं होतं, तोंडाने जमत नाही तर लिहून तरी द्यावं म्हणून. पहिल्या ओळीवर त्याचं नाव लिहिलं, ते खोडलं आणि खाली 'बाबा' लिहिलं, कारण तुम्ही वाचून उलट विचारणार नाही.